बॅटरी ठीक, झाकण ठीक!

साहेब, ती पाचर तुम्ही पाहिली होती. नाही पाहिली असं म्हणू नका. फोटो काढायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "होरिगुची-सान, ते यंत्र जरा दुसऱ्या अंगावर ठेवा." मला दुसऱ्या अंगावर ठेवलं, पाचर खाली दडली, आणि तुमचा फोटो झकास आला.

मित्रांनो, एवढ्या रागाने कोण बोलतंय म्हणाल, तर मी आहे बॅटरीवर चालणारी एक जुनी गोल करवत. पोटात मोटर, पाठीशी बॅटरी, कुशीला दातेरी पातं. पात्याच्या खालच्या भागावर स्प्रिंगचं झाकण असतं. मी लाकडात शिरले की ते मागे सरकतं, बाहेर आले की आपोआप मिटतं. ते मिटलं नाही तर समोर लाकूड आहे की माणूस, हे मला कळत नाही. तो दोष माझा नाही. मला डोळे दिलेलेच नाहीत. डोळे तुम्हाला दिलेत.

कारखान्यातल्या जन्माचं कौतुक काय सांगायचं? तिथे आम्ही सगळ्या सारख्याच. मला माझं असं आयुष्य मिळालं ते तात्सुमी होरिगुची या सुताराच्या हातात. जपानी समुद्राकाठच्या त्याच्या गावात आम्ही स्वयंपाकघरं केली, गोठे केले, एकदा देवळाचं छप्परही केलं. त्याची बायको नोबुए बरोबरीने काम करायची. माप तिचं, खूण तिची, निम्मं कापणंही तिचंच.

संध्याकाळी माझी सेवा व्हायची. सेवा म्हणजे लाड नव्हेत, शिस्त. आधी नोबुए विचारायची, "बॅटरी?" तात्सुमी बॅटरी काढायचा, हातात धरून तिला दाखवायचा आणि म्हणायचा, "ठीक!" मगच माझ्या बोल्टला पाना लागायचा. माझे आटे उलटे आहेत, नवखा माणूस घट्ट करायला जातो आणि सैल करून बसतो. पातं निघालं की नोबुए ते कोमट साबणाच्या पाण्यात टाकून जुन्या ब्रशने घासायची, कारण सुगी नावाच्या जपानी देवदाराच्या लाकडाची राळ दातांवर चढली की पातं कापत नाही, जाळतं. झाकणाच्या सांध्यातला भुसा कोरड्या ब्रशने काढायचा. तिथे तेल घातलं की भुसा आणखी चिकटतो. पातं परत बसवताना त्याचे दात माझ्या अंगावरच्या बाणाच्या दिशेने आहेत का, हे ती बोट फिरवून बघायची.

"माझी पाठ कधी एवढी घासली नाहीस," तात्सुमी म्हणायचा.

"तुमच्या पाठीने कधी एवढं काम केलंय का?"

मग जमीन हलली. होरिगुचींचं घर जागच्या जागी खाली बसलं. मी टेम्पोत होते म्हणून वाचले. नवरा-बायको शाळेच्या व्यायामशाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे राहायला गेले. गावातली अर्धी म्हातारी माणसं तिथेच. शाळेखालच्या बेसबॉलच्या मैदानावर लाकडी तात्पुरती घरं उभी राहणार होती, पहिल्या बर्फाच्या आत. ती बांधायला गावचेच सुतार घेतले. त्यातलं एक घर होरिगुचींना मिळायचं होतं.

आणि तिथे बांधकामावर देखरेख करायला तुम्ही आलात, साहेब. स्वच्छ हेल्मेट, स्वच्छ बूट.

रोज सकाळी आम्हा हत्यारांना फळीवर मांडायचं, माणसांनी रांगेत उभं राहायचं, बोट रोखायचं आणि ओरडायचं. "बॅटरी?" "ठीक!" "झाकण?" "ठीक!" पद्धत चांगली आहे. बोट जिथे जातं तिथे डोळाही जावा म्हणूनच ती काढली कुणीतरी. पण तुम्हाला हवा होता आवाज आणि फोटो. बाकी दिवसभर तुमचं एकच, "कामाच्या वेळेत हत्यारं पुसत बसू नका! अजून भिंती उभ्या राहायच्यात!" अंधार पडला की फाटक बंद. व्यायामशाळेत धारदार वस्तू न्यायला मनाई, तीही योग्यच. मग माझी राळ काढायची कुठे आणि कधी?

प्लायवूडचा चिकट भुसा झाकणाच्या सांध्यात साचत गेला. झाकण फळीच्या कडेला अडकायला लागलं. खटका चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्याला एक कळ असते, तीसुद्धा राळेने दाबल्या जागीच चिकटली, म्हणजे आता खटका सहज दबणार. एका दुपारी तात्सुमी वैतागला. त्याने लाकडाची चिरफळी काढली आणि झाकण मागे सारून पाचर ठोकली. माझे सगळे दात उघडे.

"अहो, हे काय?" नोबुए म्हणाली.

"आजच्या दिवस गं."

"आजच्या दिवस काल पण होता."

चहाच्या सुट्टीत मोगामी नावाचा सुतार संत्रं सोलता सोलता म्हणाला, "होरिगुची-सान, तुमची करवत दात विचकून बसलीय. बायकोकडून शिकली वाटतं!" सगळे हसले. नोबुए हसली नाही.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. माझ्याकडे बोटं रोखली गेली. "झाकण?" "ठीक!" पाचर सगळ्यांच्या नाकासमोर. साहेब, फोटो त्याच सकाळचा.

पुढे काय झालं ते मला सांगवत नाही, पण सांगते. पातं बोथटलं होतं, लाकडातून धूर निघत होता. तात्सुमी शिडीवर. नोबुएने मला मांडीवर घेतलं, पाना काढला आणि सवयीने विचारलं, "बॅटरी?"

खालून तुम्ही ओरडत होतात, "आटपा, आटपा!" तात्सुमीने वळून पाहिलंच नाही. हवेत बोट रोखलं आणि ओरडला, "ठीक!"

बॅटरी माझ्या पाठीशीच होती. नोबुएने डाव्या हाताने पातं धरलं, उजव्या हाताने माझी मूठ आवळली. हातमोज्याखाली खटका दबला. क्षणात झालं. दोन बोटांची टोकं गेली. जिने मला इतकी वर्षं न्हाऊ घातलं, तिची.

दवाखान्याच्या आवारात तुम्ही टेम्पोपाशी आलात. आवाज किती मऊ होता तुमचा! "नोबुए-सान, आज बोटं शिवून घ्या. कसं झालं ते डॉक्टर उद्या लिहून घेतील. घरी फळी कापताना झालं म्हणा. चौकशी लागली की काम थांबतं. बर्फ पडलं तर ही म्हातारी माणसं हिवाळाभर जमिनीवर झोपतील. आपल्या माणसांचा विचार करा."

तुम्ही गेल्यावर तात्सुमी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. "मी बघितलं नव्हतं गं."

"माहितेय. तुम्ही ओरडलात, मी ऐकलं. बघितलं कुणीच नाही."

"मग काय सांगायचं उद्या?"

मी मागच्या पेटीत पडून होते, पाचरीसकट. मला स्वस्थता कशी ती नव्हती. ही बाई गप्प राहिली, तर उद्या मोगामीच्या करवतीत पाचर बसेल, परवा आणखी कुणाच्या. बोलली, तर तिच्या शेजारी झोपणाऱ्या म्हातारीला बर्फात कुडकुडावं लागेल. साहेब, हा पेच तुमचा होता. तुम्ही तो तिच्या मांडीवर टाकलात.

आज सकाळी ती आली. हाताला बँडेज. रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या. मोगामी हळूच म्हणाला, "वहिनी, माझी आई व्यायामशाळेत आहे. बर्फ येतंय."

"तुझ्या आईच्या शेजारीच झोपते मी. रात्री तिला पाणी कोण देतं, तू?"

मोगामीने मान पुन्हा खाली घातली.

तिने चांगल्या हाताने माझी बॅटरी काढली, बाजूला ठेवली, आणि मला फळीवर पाचर वर येईल असं मांडलं. "सगळ्यांनी बघा," ती म्हणाली. "ओरडू नका. नुसतं बघा." तात्सुमी पुढे आला. त्याने पाचर उपटली नाही. तो म्हणाला, "ही मी ठोकली. न बघता 'ठीक' मीच म्हणालो. लिहायचं तर तेही लिहा. पण साहेब, तुम्हीही पाहिलंत."

मोगामीने मान वर केली. "मी पण पाहिली," तो म्हणाला. "हसलो होतो."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाच्या हातात माझी एखादी बहीण असेल. तिचं पातं बदलताना आधी बॅटरी काढा आणि डोळ्यांनी बघा. कुणी 'ठीक' म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका, मग ते कितीही प्रेमाचं माणूस असो. झाकण अडकलं तर ते साफ करा. आणि जो साफ करायला वेळ देत नाही, त्याला जाब विचारा, जसा नोबुए आत्ता विचारते आहे.

"दुपारी डॉक्टर लिहून घेणार आहेत, साहेब. घरी झालं म्हणून सांगा म्हणता. आमचं घर भूकंपात बसलं. दुसरं तुम्ही अजून बांधताय. मग झालं कुठल्या घरी?"

साहेब, मोबाइल खिशात घाला. रांग उभी आहे. बाईने काय विचारलं ते ऐकलंत ना? कुठल्या घरी? बोला.