दारावरचा कागद

आमच्या धुलाईखान्यात मी नाक मुरडलं की बाकीच्या चौदाजणी मुरडायच्या. त्याचा मला फार तोरा होता.

गेल्या वर्षी ऑफिसातल्या पोरीने दारावर कागद चिकटवला. फ्लूची लस, फुकट, नावं लिहा, एवढं ती तोंडानेच सांगून गेली. खाली बारीक अक्षरात बरंच होतं. मी बोट ठेवून, ओठ हलवून वाचते. चारचौघींत तसं वाचायला मी काय पहिलीतली पोर आहे?

शेजारच्या टेबलावर माझी धाकटी जाऊ इस्त्री करायची. तिने विचारलं, "काय लिहिलंय हो, जाऊबाई?"

"काय लिहायचंय? आपण आजारी पडलो तर यांच्या चादरी कोण धुणार? टोचायचं आपल्याला, फायदा यांचा."

"आणि अक्का, हात सुजला तर?" एकीने विचारलं.

"तर टोचणाऱ्या नर्सबाई फिरवतील इस्त्री."

सगळ्या खिदळल्या. जाऊ हळूच म्हणाली, "मला दमा आहे. घ्यावी म्हणते."

"घे की. वाट सोडा गं, राणीसरकार निघाल्या."

ती खाली मान घालून परत चादरीला लागली. नाव कुणीच लिहिलं नाही.

थंडीत तिला फ्लू झाला. सोळा दिवस दवाखान्यात होती. जगली, पण आता दहा पायऱ्या चढताना दोनदा थांबते. वाफेत उभं राहवेना, काम सुटलं.

ती दवाखान्यात असतानाच, सगळ्या घरी गेल्यावर मी तो कागद वाचला. दुसऱ्याच ओळीत होतं, दमा असणाऱ्यांनी आधी नाव द्यावे.

यंदा पुन्हा कागद लागला, शेजारी नर्सबाई सुई घेऊन बसल्या. मी पहिलं नाव लिहिलं आणि बाही वर केली. एकही हलली नाही.

"अक्का, फायदा यांचा, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते. न वाचता म्हणाले होते."

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी बोट ठेवून सगळा कागद मोठ्याने वाचला, अडखळत. एक फिसकन हसली. हसू दिलं. आठजणींनी नाव लिहिलं.

घरी येऊन जाऊला सगळं सांगितलं, न वाचल्याचंसुद्धा. ती भाजी निवडत होती.

"कितीजणींनी घेतली?"

"मी धरून नऊ."

श्वास जमवून ती म्हणाली, "बरं झालं."

एवढंच. मला चार शब्द सुनावले असते तर रात्री जेवण तरी घशाखाली उतरलं असतं.