स्वतंत्र रुळांची मागणी

१९७७ साल. दाक्षायणीची मुलाखत मुंबईत अकराला होती आणि गाडी सातला पोचायची, म्हणून सिद्धलिंगप्पा निर्धास्त होते. सोलापूरच्या नवी पेठेतलं कापडाचं दुकान भावावर सोपवून ते मुलीबरोबर निघाले. पण रूळ एकेरी. समोरच्या गाडीला वाट द्यायला त्यांची गाडी एका आडगावी अडीच तास उभी राहिली, मागं पडली ती पडलीच, आणि साडेबाराला मुंबईत शिरली. रंगांच्या प्रयोगशाळेतली जागा तोवर भरली होती. पुढच्या खेपेला एक दिवस आधी या, असं तिथल्या बाईंनी समजुतीनं सांगितलं.

सोलापुरात परतल्यावर जो भेटेल तो हेच सांगू लागला, आणि सिद्धलिंगप्पांचं डोकं फिरलं. जपानात तेरा वर्षं ताशी दोनशे दहा किलोमीटरनं गाडी धावते, तिला वेगळे रूळ आहेत, त्यांवर मालगाडी येत नाही, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्या वेगानं मुंबई अडीच तासांवर येत होती. असे रूळ दिल्ली, कलकत्ता, मद्रास, मुंबई जोडत देशभर टाकावेत, असा दोन पानी अर्ज त्यांनी दाक्षायणीकडून लिहून घेतला. आधी दुहेरी रूळ तरी मागा, असं ती म्हणाली, तर तिच्यावरही चिडले.

रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समितीत ते व्यापाऱ्यांतर्फे सभासद होते. बैठकीचा पहिला तास प्रतीक्षालयाच्या पंख्यावर बोलण्यात गेला. मग त्यांनी अर्ज वाचला. दोघे-तिघे हसले. रेल्वेचे साहेब मात्र सभ्यपणे म्हणाले, "सिद्धलिंगप्पा, आपला देश गरीब. आपल्या माणसाला एवढी घाई नसते."

"गरिबाचा दिवस फुकटचा असतो, हे कुणी ठरवलं साहेब? ज्याला रजा मिळत न्हाय, त्यालाच लवकर पोचायला पायजे की."

साहेबांनी मान डोलावली आणि अर्ज कारकुनाकडे सरकवला.

महिन्याभरात दाक्षायणीला अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. ती सायकलनं जाऊ लागली आणि खुशीत होती. आता प्रश्न मिटला, असं घरचे म्हणाले. प्रश्न माझ्या मुलीचा नव्हताच, हे सांगून सांगून सिद्धलिंगप्पांचा घसा बसला.

मग बैठकीचा वृत्तान्त टपालानं आला. टंकताना एक शून्य गळलं होतं. सभासदांनी ताशी एकवीस किलोमीटर वेगाची गाडी मागितल्याचं त्यात लिहिलं होतं, आणि पुढं शेरा होता: सदर वेग सध्या उपलब्ध असल्याने मागणी निकाली.

दाक्षायणी पोट धरून हसली. सिद्धलिंगप्पा टोपी घालून थेट कचेरीत गेले आणि कारकुनाच्या टेबलासमोर उभे राहिले. त्यानं बरीच टाळाटाळ करून शेवटी पेनानं शून्य घातलं, सही केली, शिक्का मारला.

"आणि निकाली?" त्यांनी विचारलं.

ते साहेबांच्या हातातलं, कारकून म्हणाला, आणि साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब अजून यायचे होते.

सिद्धलिंगप्पांनी भिंतीलगतची खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि कोरा कागद मागितला.