सोजरबाईचे डोळे

"मिटून दे," शालिग्रामनं फोटो टेबलावर पालथा टाकला. "मायचे डोये मिटून दे."

मेडशीच्या स्टँडसमोर देवमनचा एवढासा स्टुडिओ. पण पंचाहत्तर साली आसपासच्या गावांत मेलेल्याचे डोळे उघडावेत ते त्यानंच. जितेपणी ज्याचा फोटो निघाला नाही, त्याला मेल्यावर भिंतीशी टेकवून बसवायचे. देवमन फोटो काढायचा आणि मिटल्या पापण्यांवर ब्रशनं नजर रंगवायचा. सोजरबाईला त्यानं जिवंत कधी पाहिलंच नव्हतं. "माह्या डोयांकडं पाहा, तसेच होते," असं तिची लेक लिलाबाई म्हणाली होती.

"ठराव उघड्या डोयांचा होता भाऊ," देवमननं चिठ्ठी काढली. "सही तुमचीच. पसंत करून नेला तुमी."

"आता नाही पसंत. जेवाले बसलं त पाहून राह्यली, दाराआड बसलं तरी पाहून राह्यली. भिंतीकडं तोंड करून टांगला, त सकाळी सुलटा. कोनी केला, कोनी कबूल होत नाही."

"हे नवं काम झालं. ते मी घेत नाही."

"मेलेल्याचे उघडता येतेत तुले, मिटाले काय हात मोडले?"

"या ठरावात आता तीबी हाय. तिले कोन इचारलं?"

शालिग्रामचा आवाज खाली आला. "भावकीतले चार लगनं तुले सांगतले होते. समज, एकबी नाही."

चार लग्नं म्हणजे देवमनची दिवाळीपर्यंतची चूल. त्यानं फोटो सुलटा केला आणि ब्रश पुढं धरला. "घ्या. तुमच्या हातानं मिटा."

शालिग्राम वाकला. ब्रशचं टोक पापणीपाशी आलं नि थांबलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ओल चमकत होती. रंग वाळून पंधरा दिवस झाले होते. दोघांनीही ती पाहिली.

"दवाखान्यात उद्या नेतो म्हनलं होतं मी," शालिग्राम कुणाला म्हणाला कोण जाणे. "रोजच म्हनत होतो."

फोटो तिथंच टाकून तो गेला. लग्नंही गेली, त्यांचे फोटो वाशिमच्या फोटोवाल्यानं काढले.

आठवड्यानं लिलाबाई आली. "दादा म्हने, मायचा फोटो धनजले तुह्या घरी ने."

देवमन फोटो कागदात गुंडाळू लागला, तसा तिनं त्याचा हात अडवला. "झाकू नका भाऊ."

एस.टी. हलली. खिडकीशी बसलेल्या लिलाबाईनं फोटो मांडीवर उभा धरला होता, तोंड बाहेर करून. धूळ बसेल, असं ओरडून सांगावं म्हणून देवमन दारापर्यंत आला. मग राहू दिलं.