अभिमन नानांचा फाया

या, असे पुढे सरका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. आणि मनात कोणाविषयी संशय घेऊन आला असाल, तरी बसा. गोष्ट त्याचीच आहे.

एरंडोलजवळच्या आमच्या गावी हरिनाम सप्ताह असतो. कीर्तन उभं राहण्याआधी श्रोत्यांच्या कपाळाला बुक्का आणि मनगटाला अत्तर लावायची आमची रीत. अत्तराची सेवा अभिमन नानांची. काडीला कापूस गुंडाळलेला त्यांचा फाया हाताला नुसता टेकायचा. कोणी मनगटावर मनगट घासलं, की नाना म्हणत, "घसू नको रे भाऊ, मरी जाई ते."

यंदा मात्र नानाच अत्तरात न्हाल्यासारखे येऊ लागले. कानामागून ओघळ, सदऱ्याच्या गळ्याला डाग. ते पारावरून उठून गेले तरी वास तिथेच बसून राही.

जळगावच्या पाइप कारखान्यात नोकरीला असलेला कुंदन सप्ताहाचा कारभार बघतो. तो म्हणाला, "माणूस इतकं अत्तर कशाला मारतो? दुसरा वास झाकायला."

झालं. तेव्हापासून सगळ्यांचे डोळे नानांवर. कीर्तनाआधी ते देवळामागे एकटेच का जातात? बोलताना तोंड का फिरवतात? परवा पायरीवर अडखळले ते उगाच का? नाना हसले तरी खूण, गप्प बसले तरी खूण. माझ्याही मनात पाल चुकचुकली, देवाशपथ.

"गळ्यात माळ आहे त्यांच्या," कुंदन म्हणाला. "दारूचं खरं निघालं तर फाया काढून घ्यायचा. मग कितीही वर्षांची सेवा असो."

त्या संध्याकाळी महाराज वीणा लावून घेत होते. नाना बायकांच्या ओळीतून फिरत होते. तानुबाईंनी हात पुढे केला.

"आज कोणतं शे, नाना?"

"हिना शे, अक्का. धुळ्यानी."

तानुबाईंनी मनगट नाकाशी नेलं आणि शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनेही हुंगलं. तिळाचं तेल. समईसाठी ठेवलेली कुपी नानांनी उचलली होती आणि अख्ख्या ओळीला मनोभावे तेल लावलं होतं. वर स्वतःचं मनगट हुंगून डोळेही मिटले.

"माय वो, इतली पेयेल शे का?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

कुंदनने नानांना खांबाआड घेतलं. मी खांबालाच टेकून बसलो होतो.

"नाना, जरा तोंड उघडा. श्वास सोडा."

नानांनी श्वास सोडला. कुंदनने पुन्हा सोडायला लावला. मेथीच्या भाजीशिवाय त्यात काही नव्हतं.

"मग हे तेल?"

"तेल शे का ते?" नाना खाली बसले. "माले वासच येस नही, कुंदन. यंदा करोना झाला तेव्हापासून. देवळामागे जाईसन रोज जास्ती लावून पाहतो. वाटतं, आज येईल वास."

"सांगितलं का नाही कोणाला?"

"सांगितलं असतं तर फाया ठेवला असता माझ्याकडे?"

नानांनीच फाया त्याच्यापुढे धरला. "घे. ज्याला वासच नाही, त्याने अत्तर काय लावायचं."

कुंदनने फाया घेतला नाही. तो देवळात गेला, दुसरी कुपी घेऊन आला, बूच काढून हुंगली.

"ही हिना आहे, नाना. हुंगायचं काम माझं. लावायचं तुमचं. आणि कानामागे आता पुरे करा, समोरचे महाराज शिंकतील."

नाना उठले. कुंदनने सगळ्यांदेखत आपला हात आधी पुढे केला. फाया टेकला, नुसता टेकला. मग ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. महाराज थांबले, पण कोणी घाई केली नाही. तानुबाईंनी पदराने तेल पुसून हात पुढे केला.

नानांना अजून वास येत नाही. फाया त्यांच्याच हातात आहे.

तर मंडळी, कुठल्याही कीर्तनात तुमच्या मनगटाला अत्तर लागलं, की आमच्या अभिमन नानांची आठवण काढा, आणि एक श्वास त्यांच्या वाटणीचा घ्या.