घळीच्या तोंडचे दगड

भूकंपात गाव पडलं अन् सरकारनं आम्हाला उचलून माळावर आणून ठेवलं. माळ लांडग्यांचा, हे आमच्या बकऱ्यांनाबी ठाऊक व्हतं. जुन्या गावी असताना आमचं-त्यांचं ठरलेलं. थंडीत घळीत पिल्लं असली की तिकडं चरायला जायचं न्हाई, अन् दिवस मावळला की जनावरं बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात घालायची. ते त्यांच्या वाटेनं, आम्ही आमच्या.

इथं सिमेंटची घरं मिळाली अन् लोकांची डोकी फिरली. आमचा शेजारी गुंडप्पा. भूकंपाच्या पहाटे त्याची बायको महानंदा ढिगाऱ्याखालून आवाज देत व्हती. "आत जित्ती हाय" म्हणत हा येईल त्याच्या पाया पडला, हातानं दगड उपसले. पोचेपर्यंत आवाज थांबला. माणूस वाईट न्हाई. पण आता पोरगं लातूरला क्लासला, डॉक्टर होणार म्हणं. कॉलनीत काटे कशाला, पाव्हणे हसतील, म्हणून यानं कुंपणाची शेकोटी केली अन् वासरू उघड्यावर बांधलं. मी सांगितलं तर मलाच हसला.

लांडग्यानं वासरू नेलं. नेणारच की! ताट वाढून ठेवायचं अन् जेवणाऱ्याला चोर म्हणायचं, ही कुठली रीत?

सकाळी हा बाबा चार माणसं घेऊन घळ बुजवायला निघाला. मी बकऱ्या सोडून मागं पळाले. आत पिल्लं कुईकुई करत व्हती अन् हे तोंडाशी दगड रचत व्हते. लांडगी लांब बांधावर उभी. पुढं येईना, पळूनबी जाईना. तोबा तोबा, माझं डोकं असं सणकलं! असतील नसतील तेवढ्या शिव्या घातल्या. ते म्हणले, चांदबी, तुझी बकरी गेली की कळंल. अरे, माझी का जाईल? मी रोज काटे लावते, हात रक्ताळतात माझे!

कुणी ऐकंना. थोडंच तोंड उघडं राहिलं व्हतं. गुंडप्पानं आणखी एक दगड उचलला. आता शिव्या संपल्या व्हत्या माझ्या.

"गुंडप्पाभाऊ," मी म्हणलं, "आत जित्ती हायत."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. दगड हातातच राहिला. मग त्यानं तो बाजूला ठेवला, खाली बसला अन् रचलेले दगड एकेक काढायला लागला. बाकीचे पुटपुटत निघून गेले.

मीबी दगड काढू लागले. राग काही गेला नव्हता माझा.