खंडेनवमीची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझ्या डाव्या भिंगात बुरशी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर मला हातात घ्याल आणि "काहीच दिसत नाही" म्हणून खाली ठेवाल.

कारखान्यातून मी थेट नौदलात आले आणि सणसरच्या मानसिंगरावांच्या गळ्यात पडले. ते युद्धनौकेचे कमांडर होते. एकाहत्तरच्या युद्धात त्यांनी शत्रूचं जहाज बुडवलं. ते जहाज आधी माझ्यातून दिसलं, पदक मात्र साहेबांना मिळालं. असो.

पुढचं फारसं कुणाला माहीत नाही. सकाळच्या उन्हात बुडालेल्या जहाजावरची माणसं पाण्यात हातपाय मारत होती. साहेबांनी आमचं जहाज तिकडे वळवायला सांगितलं. शेजारी टेहळणीवर काटेवाडीचा रमजान उभा होता. दोघे एकमेकांशी गावच्या भाषेतच बोलत.

"सायेब, हितं पाणबुडी आसंल तर आपुन बी जाऊ."

"माणसं हायत ती, रमजान. दोर टाका."

बरीच माणसं वर आली. एक जण फळीला धरून होता. दोर पोचायच्या आत त्याचा हात सुटला. साहेब मला डोळ्यांना लावून त्याच जागी बघत राहिले. तो परत दिसला नाही.

पुढे आमचं जहाज मोडीत निघालं तेव्हा खलाशांनी मला साहेबांना भेट म्हणून दिलं. त्याआधी, युद्ध संपल्यावर, बारामतीत त्यांची मिरवणूक निघाली होती, शाळांतून भाषणं झाली होती. सगळे बुडवलेल्या जहाजाबद्दल विचारत. फळीवरच्या माणसाबद्दल कुणी विचारलं नाही. साहेब अधूनमधून उजनी धरणाच्या काठावर जात, पाण्यात कुणी नाही ना एवढं माझ्यातून बघत, आणि मगच त्यांना जेवण जाई.

घरी माझा मान मोठा होता. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं धुऊन पुजायची रीत. साहेबांच्या पत्नी कुशाबाई कोयता, खुरपं आणि मला एकाच बादलीत बुडवत आणि हळदकुंकू वाहत. कोयत्याला त्याने काही होत नाही. माझ्या भिंगात पाणी शिरलं. त्यांच्या मायेवर मला रागावता आलं नाही, पण वाईट फार वाटलं. बरं, इतकी पूजा करून त्यांनी माझ्यातून एकदाही पाहिलं नव्हतं.

यंदा दसऱ्यानंतर साहेब, कुशाबाई आणि आता म्हातारा झालेला रमजान असे तिघे उजनीवर गेले. साहेबांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी मला डोळ्यांना लावलं.

"रमजान, समदं धुरकट हाय. पाण्यात कुणी हाय का बग."

"मलाबी धड दिसत न्हाय, सायेब."

साहेबांनी मला कुशाबाईंपुढे धरलं.

"म्या? माज्याच हातानं खराब झालीया ही."

"उजवी बाजू चांगली हाय. तू बग."

कुशाबाईंनी पदराने भिंग पुसलं आणि बराच वेळ पाहिलं.

"तिगं जण हायत. जाळं वडत्यात."

"आन पाण्यात?"

"पाण्यात कुणी न्हाय. समदी व्हडीत हायत."

साहेब काठावरच्या दगडावर बसले. त्यांनी मला परत मागितलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूची पूजा खुशाल करा. पण माझ्यासारखीला पाण्यात घालू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी तिच्यातून पाहू द्या. बघणाऱ्याचे डोळे थकले, की ते काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.