पाचव्या मजल्यावरचा हमाल

"पुश्त, पुश्त! सरका रे! वाट अडवून बसलीत कार्टी!"

शरोफ वर तोंड करून हमालांच्या हाळीत ओरडला तशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली पोरं भिंतीला चिकटली. शरोफच्या मागून इस्तम आला. कपाळावरून पट्टा, पाठीवर नवरीची पेटी, नजर फक्त पुढच्या पायरीवर. पेटी लाकडी, वरून पत्र्याची नक्षी, आत दुलया कोंबकोंबून भरलेल्या. जिन्यात दिवा नाही. आणि लिफ्ट? ह्या इमारती बांधणाऱ्यांना ती कधी सुचलीच नव्हती.

पेटी इस्तमच्याच मुलीची, मुनव्वरची होती. वर पाचव्या मजल्यावर हे कुणालाही माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी मुनव्वरचा बाप रशियात होता, नोवोसिबिर्स्कला, बांधकामावर मुकादम.

ही थाप मेहुणीची, होसियतची. थापही अशी की कुणी उलटून विचारू नये. इथे ताजिकिस्तानात, खुजंदमध्ये, निम्म्या घरांतले बाप रशियातच असतात. मुलाकडचे शिकलेले, नदीपलीकडचे. मुलाचा काका तर मास्तर. "बाजारातला हमाल म्हटलं ना, की चहाची वाटी तशीच ठेवून उठतील," होसियत म्हणाली होती. बायको गप्प बसली. मुनव्वरही खाली मान घालून गप्प बसली. त्या दोघी बोलत नाहीत म्हटल्यावर इस्तमला बोलायचा कंटाळा आला. आज सकाळी निकाहाला मामा वकील म्हणून, बापाच्या जागी, उभा राहिला, नवरी सासरी गेली, आणि बाप आपल्या जोडीदार हमालाच्या, शरोफच्या घरी छताकडे बघत पडला होता.

दुपारी शरोफ घरात आला तो चडफडतच. सामान पोचवायचं होतं आणि एका गड्याचा पाय मुरगळला होता.

"तू नको येऊस," शरोफ म्हणाला. "तू रशियात आहेस."

इस्तम उठला, खुंटीवरचा पट्टा काढला. "माझ्या पोरीचा संसार परक्याने कशाला वाहायचा?"

"ओळखलं म्हणजे?"

"हमालाचं तोंड कोण बघतं?"

चौथा मजला. गुडघ्यातून कळ गेली. पूर्वी असलं ओझं घेऊन तो गाणं म्हणत चढायचा. आता श्वासच पुरत नव्हता, गाणं कुठलं. दाढी पांढरी झाली होती, आणि वयापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता. पाठ तर घरी मोकळा असतानाही वाकलेलीच राहायची.

पाचव्या मजल्याच्या दारात होसियत उभी होती, हातात मिठाईचं तबक. नवरीची पाठराखीण म्हणून ती सकाळपासून इथेच होती. तिने आधी पेटी पाहिली, मग पेटीखालचा माणूस पाहिला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही?" ती दातांतून फुत्कारली. "तुम्ही रशियात आहात!"

"पेटी ठेवतो आणि जातो रशियाला. सरक, पाठ तुटतेय."

ती सरकली. दुसरं करणार काय?

आतल्या खोलीत गालिचे, भिंतीशी गाद्या, आणि कोपऱ्यात आडवा बांधलेला भरतकामाचा पडदा. पडद्यामागे नवरी. आज ती कुणाला तोंड दाखवणार नव्हती. इस्तमने पेटी अल्लाद उतरवली, पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पडद्याखालून लाल चपलांची टोकं दिसत होती. पोरगी पाय जुळवून बसली होती. लहानपणी रागावली की अशीच बसायची.

"बसा, बसा! चहा घेतल्याशिवाय हमाल गेले असं नको व्हायला." बोलणारा चाळिशीचा, टाय लावलेला माणूस. हाच तो मास्तर. घरातली बाकीची मोठी माणसं खाली अंगणात पुलावाच्या कढईभोवती होती. ह्याला तिथे कुणी बोलू देत नसावं, कारण हमालांना बघून त्याचा चेहरा खुलला.

"तुम्हाला माहितीय का, हमाल हा शब्द कुठला?"

"बाजारातला," शरोफ म्हणाला.

मास्तर हसला. माणूस वाईट नव्हता. "अरबीतला. वाहणं, उचलणं, त्यापासून आलेला. तुर्क म्हणतात हमाल, इराणी म्हणतात हमाल. थेट हिंदुस्थानात मुंबईच्या बाजारात गेलात तरी पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाला हमालच म्हणतात. रशियनांनी बंदरांवर ऐकला आणि त्याचा केला अंबाल. आता ते धिप्पाड गुंडाला अंबाल म्हणतात."

"घे अको," शरोफने थोरल्या भावासारख्या इस्तमला कोपर मारलं. "रशियात गेलास तर गुंड."

दारातल्या होसियतच्या हातून तबकातली मिठाई सांडली.

"आणि ऐका," मास्तर आता थांबणारा नव्हता. "पोटुशी बाई, तिला आपण होमिला म्हणतो. तोही त्याच मुळातला, ती पोर वाहते म्हणून. हमला तोही त्यातलाच. तहम्मुल, म्हणजे सोसणं, तोसुद्धा."

"म्हणजे बायकोचं पोट, बायकोचा हल्ला आणि मी सोसतो ते, सगळं एकाच घरातलं?" शरोफ म्हणाला. "मास्तर, हे मला लग्नाआधी सांगायचंत!"

पडद्याशी बसलेल्या तरण्या बायका ओढणी तोंडाला लावून हसल्या.

इस्तम चहाच्या वाटीत बघत होता. इतक्या मुलखांत हा शब्द पोचला. सगळीकडे त्याला काम मिळालं. पण व्याही म्हणून त्याला घरात घेतलंय असा मुलूख काही मास्तरने सांगितला नाही.

"तुम्ही काहीच बोलत नाही, अमाक," मास्तर त्याला काका मानून म्हणाला. "केवढा जुना शब्द आहे तुमचा! अभिमान वाटला पाहिजे."

"वाटतो ना," इस्तम वाटीतच पुटपुटला. "खाली उतरलो की वाटेल. आत्ता पाय दुखतायत."

एवढ्यात मुलाची आई आली. जाड, घामेजलेली, लगीनघाईने घसा बसलेली बाई. पेटीवर हात ठेवून तिने खोलीभर नजर फिरवली.

"मोठं माणूस कुणी नाही का वर? दुआ झाल्याशिवाय पेटी उघडायची नाही. नाहीतर म्हणतील, बाप जवळ नाही म्हणून पोरीची पेटी तशीच उघडली." मग तिची नजर इस्तमच्या दाढीवर थांबली. "अमाक, इथे तुम्हीच वडील. द्या तुम्हीच दुआ. हिचा बाप बिचारा रशियात."

"खाली बोलवू की कुणाला तरी!" होसियत घाईने म्हणाली. "हमालाने कशाला?"

"हमालाच्या दुआला काय झालं? आत्ताच मास्तर सांगत होते ना, केवढा थोर शब्द म्हणून." बाई थट्टा करत नव्हती. तिला फक्त वेळ नव्हता.

शरोफने वाटी खाली ठेवली. इस्तमने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात छातीसमोर धरले. नुसते ओठ हलवले असते तरी चाललं असतं. तोंड उघडलं की पडद्यामागे आवाज पोचणार. तिला हुंदका फुटला, तिने हाक मारली, की महिनाभर जपलेलं सगळं पाचव्या मजल्यावरून खाली. पण दुआ मनातल्या मनात देत नाहीत.

"घर भरलेलं राहो," तो म्हणाला. "दोघं एकत्र म्हातारी व्हा. लेकरं होवोत. पाण्यासारखं आयुष्य मिळो." सगळे म्हणतात तेच, झिजलेलं. त्यात स्वतःचा असा एकही शब्द त्याने घातला नाही. "आमीन."

"आमीन," सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

पडद्यामागे लाल चपला हलल्या. नवरी उभी राहिली होती.

"अगं, बस, बस!" सासू म्हणाली. "पाहुण्यांना सलाम संध्याकाळी. हमालाला वाकायची गरज नाही."

पण पडद्यावर आतून सावली पडली आणि ती सावली वाकली. सरळ झाली, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा वाकली ती खालीच राहिली.

"घ्या! वेडी पोर." सासू हसली, पण तिला ते आवडलेलं दिसत होतं. "चांगलं वळण लावलंय आईने. अमाक, आता उठ म्हणा तिला. वडील माणसाने म्हटल्याशिवाय ती उठायची नाही."

खोलीत सगळे इस्तमकडे बघत होते. होसियतने डोळे मिटले होते. मास्तर वहीत टिपून घ्यावं तसा कौतुकाने बघत होता. सावली वाकलेलीच होती, आणि तिचे खांदे अगदी बारीक हलत होते.

इस्तमने ती वाकलेली सावली डोळे भरून पाहून घेतली.

मग म्हणाला, "ऊठ."

त्याने पट्टा गुंडाळून हातात घेतला आणि शरोफच्या आधी जिन्याकडे निघाला. खाली ट्रकमध्ये अजून फ्रिज राहिला होता.